अकराव्या प्रतीचा लघुग्रह संध्याकाळच्या आकाशात कसा गाठावा

दुर्बिणीतून लघुग्रह दिसतो तो ताऱ्यासारखाच. कडी नाहीत, शेपूट नाही, तबकडी नाही. व्हेस्टा आणि सेरेस बायनॉक्युलरमधून पाहून झालेले हौशी निरीक्षक पुढचा, जरा मंद लघुग्रह शोधायला निघतात तेव्हा बहुतेक सगळे एकाच जागी अडकतात. आयपीसमध्ये (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात) वीस ठिपके दिसतायत, त्यातला आपला कोणता? खरं उत्तर त्या रात्री मिळतच नाही. ते दुसऱ्या रात्री मिळतं, जेव्हा एकोणीस ठिपके जागच्या जागी असतात आणि एक सरकलेला असतो. म्हणून या लेखातली सगळी तयारी, तारीख निवडण्यापासून कागदावर ठिपके काढण्यापर्यंत, ते सरकणं पकडण्यासाठी आहे.

उदाहरणाला (६७) एशिया घेऊ. हा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह १७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांना सापडला. आशिया खंडातून लागलेला हा पहिला लघुग्रह, म्हणून त्याचं नाव एशिया. आणखी एक गंमत अशी, की आपण ताऱ्यांच्या तेजाची जी 'प्रत' सांगतो (आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) तिचं गणितही याच पॉगसन यांनी १८५६ मध्ये बसवलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट, म्हणजे एका प्रतीला २.५१२ पट. त्या हिशेबाने नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा अकराव्या प्रतीचा ठिपका शंभर पट मंद.

एशियाचा व्यास साधारण ५८ किलोमीटर. सूर्यापासून सरासरी २.४२ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) तो पावणेचार वर्षांत एक फेरी मारतो. कक्षा बऱ्यापैकी लंबगोल असल्यामुळे काही वर्षी तो दहाव्या प्रतीच्या आसपास येतो, तर काही वर्षी बाराव्यापर्यंतच पोचतो. सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) असलेल्या माणसाला आव्हान वाटावं, पण अशक्य वाटू नये, असा हा लक्ष्यबिंदू आहे. पंडित जसराजांच्या नावाचा लघुग्रह (क्रमांक ३००१२८) पाहता येईल का, असं कधीकधी विचारलं जातं. तो याच पट्ट्यात आहे, पण घरच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर. त्याचा नाद सोडा.

आधी तारीख

लघुग्रह सर्वांत तेजस्वी असतो तो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्य एका बाजूला, तो बरोबर विरुद्ध बाजूला आणि मध्ये आपण. पण त्या रात्री तो मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, येतो मध्यरात्री. आपल्याकडे तर त्याहूनही उशिरा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि पुणे ७३.९ अंशांवर, त्यामुळे घड्याळात साडेबाराच्या पुढेमागे. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असलेल्यांना हे परवडत नाही. म्हणून बहुतेक जण थोडे दिवस थांबतात आणि लघुग्रह संध्याकाळच्या आकाशात आला की पाहू म्हणतात. विचार बरोबर आहे, फक्त किती थांबायचं हे कळलं पाहिजे.

प्रतियुतीच्या वेळी लघुग्रह वक्री असतो, ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकत असतो. एशियासारख्या कक्षेत हा वेग तेव्हा दिवसाला सुमारे १५ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) भरतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या अर्ध्या व्यासाएवढा. मग तो मंदावत जातो आणि साधारण साडेसहा आठवड्यांनी स्तंभी होतो. पंचांगात मंगळ-गुरू स्तंभी होतात ना, तसाच. जवळजवळ थांबतो आणि मग मार्गी होऊन पूर्वेकडे निघतो. जो ठिपका सरकतच नाही तो ओळखायचा कसा? जास्त थांबलेल्यांची फसगत इथेच होते. लघुग्रह संध्याकाळी सोयीच्या जागी आलेला असतो, पण ओळख पटवणारी त्याची एकमेव खूण हरवलेली असते. शिवाय तो तोवर एखाद्या प्रतीने मंदही झालेला असतो. प्रतियुतीच्या अगदी जवळच्या काही दिवसांत लघुग्रहांचं तेज एरवीच्या मानाने जरा उसळतं. ती उसळी लवकर ओसरते आणि मग वाढत्या अंतराचा परिणाम सुरू होतो.

माझ्या मते प्रतियुतीनंतरचा तिसरा आणि चौथा आठवडा सर्वांत चांगला. तेव्हा वेग अजून दिवसाला दहा कलांच्या आसपास असतो आणि तेज पाऊण प्रतच घटलेलं असतं. शिवाय रात्री नऊच्या सुमारास लघुग्रह पूर्वेकडे चांगला वर आलेला असतो. त्याहून आधी पाहता आलं तर उत्तमच, फक्त जागरणाची तयारी ठेवा.

एशियाच्या दोन प्रतियुतींमध्ये सरासरी सव्वासोळा महिन्यांचं अंतर असतं. म्हणजे एक प्रतियुती जुलैत झाली तर पुढची नोव्हेंबरच्या सुमारास आणि त्यापुढची मार्चच्या आसपास. जुलैची संधी महाराष्ट्रात गेल्यातच जमा. त्यामुळे यादी करताना एकाच लघुग्रहावर अडून बसू नका. ऑक्टोबर ते मार्च या काळात प्रतियुती असलेले आणि अकराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी असे चार-पाच लघुग्रह निवडून ठेवा. पॉगसन यांना मद्रासमधूनच सापडलेले सॅफो (८०) आणि सिल्व्हिया (८७) हेही आहेत, पण सिल्व्हिया बराच दूरचा आणि मंद. पहिल्या खेपेला तो नको.

चंद्रासाठी वेगळं ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आगेमागे असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर दोन दिवसांनी तो साडेदहाच्या पुढे जातो. तेव्हा वद्य षष्ठीपासून पुढच्या शुद्ध चतुर्थीपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या. प्रतियुतीनंतरचा तिसरा-चौथा आठवडा आणि हा पंधरवडा जिथे एकमेकांवर येतात, तिथल्या लागोपाठच्या तीन रात्री राखून ठेवा. एकच रात्र ठरवून निघण्यात अर्थ नाही.

स्थान कुठून काढायचं

मोबाइलमधल्या आकाशदर्शक ॲपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ग्रहांची स्थानं ते अचूक देतात, पण लघुग्रहांच्या कक्षेची माहिती जुनी झाली की दाखवलेली जागा हळूहळू चुकत जाते. आपलं निम्मं दृष्टिक्षेत्र, म्हणजे आयपीसमधून एका वेळी दिसणाऱ्या आकाशाचा निम्मा भाग, अर्ध्या अंशाचं, तेव्हा थोडी चूकही महागात पडते. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स ही सेवा आणि लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची स्थानसारणी, दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींवर ताजी माहिती असते. होरायझन्समध्ये लघुग्रहाचा क्रमांक टाकताना आकड्यानंतर अर्धविराम (;) द्या. नुसता आकडा दिला तर ती यंत्रणा ग्रह-उपग्रहांच्या क्रमांकातही शोधू लागते.

वेळेचा घोळ टाळायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा: या सारण्या जागतिक वेळेत असतात आणि त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. सारणीतली ०० वाजताची ओळ म्हणजे आपल्याकडची पहाटे साडेपाचची. रात्री नऊला पाहणार असाल तर १५:३० ची ओळ मागा. विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांशच) २००० सालच्या संदर्भातली घ्या, कारण नकाशेही तेच वापरतात. पाहण्याची जागा अचूक भरली नाही तरी बिघडत नाही. पृथ्वीच्या केंद्रावरून आणि तुमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या जागेत जेमतेम सहा विकलांचा (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) फरक पडतो. तीन रात्रींच्या तीन ओळी कागदावर उतरवा आणि शेजारी अपेक्षित प्रत लिहा.

नकाशा: इथे वेळ घालवा

माझा सगळ्यात जास्त आग्रह या टप्प्यासाठी आहे. नकाशा नीट असेल तर दुर्बिणीपाशी अर्ध्या तासात काम होतं. नसेल तर रात्रभर ठिपके मोजत बसाल.

संगणकावर स्टेलॅरियम हा आकाश दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. त्यातल्या सोलर सिस्टम एडिटर या प्लगिनमधून लघुग्रहाची ताजी कक्षा मायनर प्लॅनेट सेंटरकडून उतरवून घेता येते. ती घेतल्यावर पडद्यावरची जागा आपल्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग सेटिंगमध्ये जाऊन जादा तारकायाद्या उतरवा. हे फार महत्त्वाचं. लघुग्रह अकराव्या प्रतीचा आणि नकाशातले तारे साडेदहाव्या प्रतीला संपत असतील, तर आकाशात दिसणारा आणि नकाशात नसलेला प्रत्येक तारा तुम्हाला लघुग्रह वाटेल. नकाशा लक्ष्यापेक्षा निदान एक प्रत खोल, म्हणजे इथे बाराव्या-साडेबाराव्या प्रतीपर्यंत असलाच पाहिजे.

तीन नकाशे काढा. पहिला दहा-पंधरा अंशांचा, ज्यात नुसत्या डोळ्यांना दिसणारा एखादा तारा असेल. दुसरा फाइंडरच्या (मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीच्या) दृष्टिक्षेत्राएवढा, पाच-सहा अंशांचा, नवव्या प्रतीपर्यंतचा. तिसरा एका अंशाचा, पूर्ण खोल. या तिसऱ्यावर तिन्ही रात्रींच्या जागा बारीक फुलीने दाखवा. छपाई पांढऱ्यावर काळी करा, लाल उजेडात तीच वाचता येते.

आणि नकाशा तुमच्या दुर्बिणीप्रमाणे फिरवून घ्या. न्यूटोनियन किंवा डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं, कागद १८० अंश फिरवला की जुळतं. डायगोनल (आयपीसआधीचा तिरपा आरसा) लावलेल्या अपवर्तक, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीत मात्र चित्राची डावी-उजवी बाजू बदलते, आरशात दिसावं तशी. ते कागद कसाही फिरवून जुळत नाही. त्यासाठी स्टेलॅरियममध्ये दृश्य आडवं उलटवण्याची सोय आहे, ती वापरूनच छापा.

पार्श्वभूमी कोणत्या राशीची आहे यावरही बरंच अवलंबून असतं. मीन, कुंभ, कर्क इथे तारे विरळ, काम सोपं. मिथुनच्या आकाशगंगेकडच्या भागात किंवा धनू राशीत तारे इतके दाट असतात, की पहिल्या प्रयत्नाला ती जागा टाळलेली बरी.

दुर्बीण आणि तिचं दृष्टिक्षेत्र

अंधाऱ्या आकाशाखाली चार इंची दुर्बीण बाराव्या प्रतीपर्यंत आणि सहा इंची तेराव्याच्या आसपास पोचते, असं पुस्तकी गणित आहे. शहराच्या कडेच्या वस्तीतून सहा इंचीला अकरावी प्रत दिसली तरी खूप झालं. मुंबई-पुण्याच्या मधोमध राहणाऱ्यांनी सरळ बाहेर पडावं. वांगणी-नेरळचा पट्टा, भंडारदरा या जागा आकाशदर्शनवाल्यांना ठाऊकच आहेत. विदर्भातल्यांना तर नागपूर जिल्ह्यात पेंच आहे. तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

आयपीस दोन लागतील. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या सहा इंची डॉब्सोनियनला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर ४८ पट वर्धन आणि सुमारे एक अंशाचं दृष्टिक्षेत्र मिळतं. हा जागा गाठायला. १० मिलिमीटरचा लावला की १२० पट. यात आकाशाची करडी पार्श्वभूमी काळवंडते आणि मंद ठिपका उठून दिसतो. हा ओळख पटवायला. वर्धन वाढवलं की मंद वस्तू आणखी मंद होते असं अनेकांना वाटतं. ताऱ्यासारख्या ठिपक्यांच्या बाबतीत, एका मर्यादेपर्यंत, नेमकं उलट घडतं.

आपल्या आयपीसचं खरं दृष्टिक्षेत्र एकदा मोजून ठेवा. खगोलीय विषुववृत्ताजवळचा एखादा तारा, समजा मृगाच्या पट्ट्यातला सर्वांत वरचा, दृष्टिक्षेत्राच्या मध्यरेषेवरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरकू द्या आणि घड्याळ लावा. चार मिनिटांना एक अंश. तीन मिनिटं लागली तर पाऊण अंश. हा आकडा आयपीसवर चिकटवून टाका.

पहिली रात्र

दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा, म्हणजे आरसा थंड होईल. मोबाइल पिशवीत जाऊ द्या. टॉर्चला लाल जिलेटिनचे दोन-तीन थर बांधा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि शेजारच्या गाडीचा एक हेडलाइट ती सगळी कमाई घालवतो. डिसेंबर-जानेवारीत दंव पडतं, तेव्हा फाइंडरच्या पुढे जाड पुठ्ठ्याची नळी बसवा.

आता ताऱ्यावरून ताऱ्यावर जात जागा गाठायची. समजा जानेवारीअखेर प्रतियुती झाली, आपण फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाहतो आहोत आणि लघुग्रह कर्क राशीत, पुष्य नक्षत्रातल्या डेल्टा कॅन्क्रीच्या पूर्वेला दीड अंशावर आहे. मघा आणि मिथुनेतला पुनर्वसू यांच्या मध्ये नुसत्या डोळ्यांनी पुष्याचा धूसर पुंजका शोधा. त्याच्या दक्षिणेला लागून असलेला ३.९ प्रतीचा तारा म्हणजे डेल्टा. तो फाइंडरच्या फुलीवर आणा, मग २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये मध्यभागी. दुर्बिणीला मोटर नसेल तर आता हात काढा आणि तारे कुठल्या काठाने बाहेर जातात ते पाहा. ती पश्चिम. त्याच्या विरुद्ध बाजूला दीड दृष्टिक्षेत्र सरकायचं. एका दमात जाऊ नका. नकाशात वाटेवरचे दोन-तीन ठळक त्रिकोण आधीच पेन्सिलीने जोडून ठेवा आणि एकेक ओळखत जा.

जागेवर पोचलात की लघुग्रह शोधू नका. आधी आजूबाजूचे तारे जुळवा. सरासरी आकाशात एका अंशाच्या वर्तुळात अकराव्या प्रतीपर्यंतचे पंधरा-वीस तारे असतात. त्यातले सहा-सात नकाशाशी निःशंक जुळले, की मग फुलीच्या जागी काय आहे ते पाहा. उलटं केलंत, म्हणजे आधी 'हाच असेल' ठरवलंत आणि मग शेजारी शोधलेत, तर मन हवे ते तारे जुळवून देतं.

१० मिलिमीटरचा आयपीस लावा. ठिपका थेट पाहिल्यावर दिसला नाही तर नजर थोडी बाजूला न्या, कारण डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग मंद उजेडात कच्चा असतो. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर ठिपक्याच्या जरा उजवीकडे, डाव्याने पाहत असाल तर डावीकडे, म्हणजे प्रतिमा अंधबिंदूवर पडणार नाही. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हलणारा मंद ठिपका स्थिर ठिपक्यापेक्षा डोळ्याला लवकर लागतो. असं चार-पाच वेळा त्याच जागी चमकून गेलं तर ते खरं धरा, एकदाच दिसलं तर नाही.

मग वहीत रुपयाच्या नाण्याहून मोठं वर्तुळ काढा, निदान आठ सेंटिमीटरचं. छापील नकाशाकडे न पाहता, आयपीसमध्ये जे दिसतंय तेच उतरवा. ठळक ताऱ्यांना मोठा ठिपका, मंदांना लहान. संशयित ठिपक्याच्या दोन बाजूंचे दोन तारे निवडून त्यांच्याशी होणारा त्रिकोण शक्य तितका काटेकोर काढा, कारण उद्या हाच त्रिकोण मोडलेला दिसायला हवा. पश्चिमेचा बाण, तारीख, घड्याळातली वेळ, आयपीस हे खाली लिहा.

दुसरी रात्र

दिवसाला दहा कला म्हणजे तासाला २५ विकला. एखादा तारा लघुग्रहाला अगदी खेटून असेल तर तीन तासांत त्याच रात्री फरक कळतो, पण तसा योग क्वचित. दुसऱ्या संध्याकाळी त्याच आयपीसने तेच वर्तुळ पुन्हा काढा, कालचं पान न उघडता. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. कालच्या जागी पोकळी, आणि अंशाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर पश्चिमेला नवा ठिपका, हे दोन्ही दिसलं पाहिजे. नुसता नवा ठिपका पुरेसा नाही, तो काल नजरेतून सुटलेला तारा असू शकतो. कालचा ठिपका तिथून गेलेला असणं हा खरा पुरावा. सेरेसच्या बाबतीत हेच झालं: १ जानेवारी १८०१ च्या रात्री पालेर्मोमध्ये जुझेप्पे पियाझींनी एका ताऱ्याची जागा नोंदवली आणि पुढच्या रात्री तो तिथे नव्हता, थोडा सरकलेला होता.

दुसरी रात्र ढगाळ निघाली तर तिसरी पाहा. वीस कलांचं अंतर तर आणखी सहज कळतं, फक्त नकाशावरची तिसरी फुली वापरा.

कॅमेऱ्याने

गच्चीतून डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स पुरते. मागोवा घेणारं माउंट असेल तर तीस-तीस सेकंदांची दहा-पंधरा छायाचित्रं घ्या. नसेल तर एकेक सेकंदाची शंभर-दोनशे घेऊन डीप स्काय स्टॅकर या प्रोग्रॅममध्ये एकत्र करा. दोन रात्रींची दोन चित्रं एकमेकांवर जुळवून पडद्यावर आलटून पालटून दाखवली की एक ठिपका उड्या मारताना दिसतो. तोच खेळ, फक्त वहीऐवजी पडदा. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चित्र चढवलं तर त्यातल्या आकाशाचे विषुवांश-क्रांतीही मिळतात आणि सारणीशी थेट ताडता येतं. माझा कल तरीही वहीकडे आहे. काढताना डोळा जे शिकतो, ते बटण दाबून येत नाही.

काहीच सरकलं नाही तर

आधी वेळ तपासा: सारणीतली ओळ खरंच संध्याकाळची होती की पहाटेची? मग नकाशाची बाजू: डायगोनल लावून साधा उलटा नकाशा तर वापरला नाही ना? त्यानंतर प्रत: अपेक्षित आकडा साडेअकराच्या पुढे गेला असेल आणि तुमच्या जागेवरून त्याच भागातला साडेअकराव्या प्रतीचा एखादा ओळखीचा तारा दिसत नसेल, तर लघुग्रहही दिसणार नाही. शेवटी सारणीतल्या दोन दिवसांच्या जागांची वजाबाकी करा. फरक दिवसाला दोन-तीन कलाच भरत असेल तर लघुग्रह स्तंभी व्हायला आला आहे. मग रात्री सलग न घेता चार दिवसांच्या अंतराने दोन घ्या.